दार कोणाकडे आहे?

बसा रे पायऱ्यांवरच. दिवे यायला अर्धा तास तरी लागेल, आणि तोवर लिफ्टच्या दाराला कोणी हात लावायचा नाही. मघाशी लोखंडी पट्टी घालून दार फाकवायला कोण निघालं होतं? तू? शाबास! अंगात रग असली म्हणून ती दारावर काढायची नसते, बाळा. मोबाइलचे टॉर्च बंद करा, उतरताना लागतील. चहा आणायला गेलेला येईल तेव्हा येईल. तोवर एक गोष्ट सांगतो.

गोष्ट कसली, घडलेलंच आहे. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलं. तीसुद्धा तुमच्यासारखीच कॉम्प्युटरवाली, भुताचं नाव काढलं की नाक मुरडणारी. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

भाची होती ती कंपनी लिफ्टचे प्रोग्राम लिहायची. बटण दाबलं की डबा कुठं जावा, किती वेगानं जावा, दार कधी उघडावं, कधी मिटावं, सगळं त्या प्रोग्राममध्ये. चौथ्या मजल्यावर एक लांबट हॉल, खुर्च्यांच्या दोन रांगा, कोपऱ्यात काचेच्या कपाटात सर्व्हर, आणि बाहेर पॅसेजमध्ये त्या इमारतीची एकुलती एक लिफ्ट. नवीन प्रोग्राम झाला की आधी त्याच लिफ्टवर चढवायचा. आपण केलेला स्वयंपाक आधी आपण चाखायचा, मग पाहुण्यांना वाढायचा, तसं.

आता तुम्हाला कोड ठेवायला गिट माहीत. ज्याला हवी त्यानं फाइल घ्यावी, चौघांनी एकाच वेळी खरडावी, आणि शेवटी सगळं एकत्र मर्ज करताना एकमेकांच्या उरावर बसावं. त्यांची जुनी सिस्टम तशी नव्हती. तिथं फाइलला लॉक असायचं. एकानं फाइल हातात घेतली की बाकीच्यांनी नुसती बघायची. त्यानं काम संपवून परत ठेवली की दुसऱ्याची पाळी. त्यामुळे त्या हॉलमध्ये दिवसभर भाजीबाजारासारखा ओरडा चालायचा.

"मोटर कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे!"

"सोडतोस का?"

"दहा मिनिटं... हं, सोडली!"

फाइल कोणाच्या नावावर आहे ते स्क्रीनवर दिसायचं, पण विचारायचं तोंडानं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला दुसऱ्याचं लॉक तोडायचा हक्क असतो, पण तिथं तो कोणी वापरायचा नाही. माणसाच्या हातातली वस्तू हिसकावायची नाही, मागायची. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तो घातला होता साडेतीननं.

साडेतीन म्हणजे तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर. तोंडावर सर, पाठीमागे साडेतीन. तरुणपणी ते लिफ्ट बसवायच्या कामावर होते, तेव्हा उजव्या हाताचं अंगठीचं बोट दारात सापडलं आणि अर्धं तुटलं. अंगठा सोडला तर हातावर बोटं उरली साडेतीन. नाव त्यांना ठाऊक होतं. म्हणायचे, "असू दे. माणसाचा देह तरी कुठं पुरा चार हात असतो? साडेतीनच!"

स्वभावानं कडू कारलं. तोंडात सतत पेपरमिंटची गोळी, ती या गालातून त्या गालात फिरली की समजायचं, आता कोणाची तरी खरडपट्टी निघणार. आणि दाराच्या बाबतीत तर दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत. भाची नवीन होती तेव्हा तिला शेजारी बसवून त्यांनी पहिलं वाक्य शिकवलं ते हे: "ज्याची खात्री नाही ते दार उघडं समज. बंद समजलीस तर कोणाचा तरी जीव जाईल." तिला वाटायचं, म्हातारा एकच तुणतुणं वाजवतो. पण जीव होता तिचा त्यांच्यावर. वडील लवकर गेले होते ना तिचे... असो.

तर गेल्या वर्षी एका शुक्रवारी, संध्याकाळी निघताना, साडेतीननी दाराची फाइल स्वतःच्या नावावर लॉक केली. सगळे पांगल्यावर भाचीच्या टेबलाशी थांबले. बाहेर पॅसेजमधल्यांनाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "दार माझ्याकडे आहे. एक गोष्ट खटकतेय. सोमवारी आपण दोघं बोलू."

सोमवार त्यांचा उजाडलाच नाही. रविवारी पहाटे झोपेतच गेले.

त्यांचा कॉम्प्युटर पुसून दुसऱ्याला दिला. त्यांचं खातं भाचीनं स्वतःच्या हातानं बंद केलं. काय खटकत होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. दाराच्या फाइलवरचं लॉक मात्र तसंच राहिलं. दार ठीक चालत होतं, बदलायची कोणाला गरज पडली नाही, आणि ते लॉक तोडायला कोणाचा हातही झाला नाही. सुरुवातीला पोरं थट्टा करायची. एकानं ओरडायचं, "दार कोणाकडे आहे?" दुसऱ्यानं म्हणायचं, "साडेतीनकडे!" मग थोडं हसू. मग तेही बंद झालं.

यंदा नवा साहेब आला. त्याला जुनं काही नको होतं. सगळा कोड गिटवर न्यायचा आणि जुना सर्व्हर बंद करायचा असं ठरलं, आणि काम पडलं भाचीच्या गळ्यात. नुसत्या फाइली उचलून ठेवायच्या नव्हत्या. पहिल्या दिवसापासून कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, तो सगळा इतिहास ओळीनं नव्या घरात न्यायचा होता. तिनं त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्यात आपण होऊन एक अट घातली: एकही फाइल कोणाच्या हातात असेल तर तिथंच थांबायचं. कारण नव्या घरात लॉक जाणारच नव्हतं. तिकडे कोणाला काही धरून ठेवता येत नाही.

दिवस होता मार्चमधला दुसरा रविवार. अमावास्या वगैरे काही नव्हती बरं का, चांगलं टिपूर चांदणं होतं. सोमवारी सकाळी सात वाजता कंपनीचा माणूस नव्या सिस्टममधून प्रोग्राम उचलणार आणि गावातल्या नव्या हॉस्पिटलच्या लिफ्टवर चढवणार, असं ठरलं होतं. आणि त्याच हॉस्पिटलात तिची आई, म्हणजे माझी बहीण, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दाखल होती. नऊ वाजता तिला स्ट्रेचरवरून लिफ्टनं वर न्यायचं होतं. माझी बहीण उभ्या आयुष्यात राजीखुशीनं लिफ्टमध्ये चढलेली नाही. लेक म्हणायची, "अगं, माझाच प्रोग्राम आहे त्यात." त्यावर ही म्हणायची, "म्हणून तर जास्त भीती वाटते!" शेवटी लेकीनं कबूल केलं होतं, "मी हात धरून तुझ्याबरोबर लिफ्टमध्ये येईन. नऊच्या आत पोचते."

म्हणून ती रात्री साडेदहाला ऑफिसात आली. हॉलमधला आपल्या डोक्यावरचा एकच दिवा लावला. काम सुरू करून दिलं, जेवणाचा डबा उघडला, दोन घास खाल्ले. स्क्रीनवर वर्षांमागून वर्षं सरकत होती. पहिल्या दिवसांतली जुनी माणसं, सोडून गेलेली, लग्न होऊन नाव बदललेली... तिलाही गंमत वाटली. तासाभरात सगळं आटोपेल असं दिसत होतं.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

काम थांबलं. एक फाइल अजून कोणाच्या तरी हातात होती. दार. नाव साडेतीनचं. तारीख गेल्या वर्षीच्या त्या शुक्रवारची.

आता ही ठेच लागणार हे तिला ठाऊक हवं होतं, पण गडबडीत लक्षातून गेलं होतं. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं स्वतःशीच म्हटलं, विचारायचं तरी कोणाला? आणि विचारलं नाही. लॉक तोडलं. साडेतीनचं नाव पुसलं गेलं. तिनं काम पुन्हा सुरू केलं.

पोरांनो, चूक म्हणाल तर एवढीच. नुसतं विचारायचं राहिलं.

काम पुन्हा तिथंच येऊन थांबलं. दार. नाव तेच. पण तारीख आता त्या शुक्रवारची नव्हती. तारीख आजची. वेळ आत्ताची.

तिला आधी रागच आला. कोणीतरी घरी बसून चेष्टा करतंय. तिनं खातं तपासलं. खातं बंद होतं, तिनंच केलं होतं. साहेबाला फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. "अगं, जुन्या सिस्टमचा काहीतरी घोळ असेल. तोड आणि पुढं जा. सकाळी सातला मला कोड नव्या जागी हवाय."

तिनं दुसऱ्यांदा लॉक तोडलं.

तेवढ्यात पॅसेजमध्ये आवाज झाला. सर्रर्र... खट्. लिफ्टचं दार उघडून मिटल्याचा. त्यात काही विशेष नव्हतं, खाली वॉचमन होता. पण थोड्या वेळानं पुन्हा. सर्रर्र... खट्. मग पुन्हा.

तिनं खाली वॉचमनला फोन केला. "काका, लिफ्टशी काय करताय?"

"मी कुठं काय करतोय, ताई? मला वाटलं तुम्हीच बोलावताय. सारखी चौथ्यावर जाऊन थांबतेय."

"मी जागेवरच आहे."

"मग वर तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

वॉचमननं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. 

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. काम थांबलेलं होतं. दार. साडेतीन.

मुलगी धीराची. घाबरली, पण डोकं गहाण टाकलं नाही. ती उठली, काचेचं कपाट उघडलं आणि सर्व्हरच्या पाठीमागची नेटवर्कची वायर उपटून काढली. आता बाहेरून कोणाला आत येता येणार नव्हतं. सर्व्हरलाच एक स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेला होता. तिथं उभी राहून तिनं तिसऱ्यांदा लॉक तोडलं. आणि तिथंच बघत राहिली.

नावाची जागा रिकामी होती.

रिकामी.

रिकामी...

मग नाव आलं.

तिच्या डोळ्यांदेखत आलं. कीबोर्डला कोणाचा हात लागला नव्हता. वायर तिच्या हातात लोंबत होती. आणि हॉलमध्ये वास सुटला होता. पेपरमिंटचा.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. तिनं पर्स उचलली. डबा टेबलावर उघडाच राहिला. एकच विचार डोक्यात होता, इथून सुटायचं आणि आईकडे जायचं. नोकरी गेली तर गेली. ती पॅसेजमध्ये धावली. जिन्यातला बल्ब गेलेला, खाली सगळा अंधार. लिफ्टच्या बटणावर मात्र दिवा. भीतीला अक्कल नसते, पोरांनो. ज्याला भ्यायला हवं त्याच्याचकडे माणूस धावतो. तिनं बटण दाबलं.

डबा वर आला. दाराच्या फटीतून उजेड दिसला. दार उघडू लागलं...

आणि अडलं.

वीतभर उघडलं आणि अडलं. आतला डबा समोरच होता. त्याचं दार पुरं उघडलेलं, आत स्वच्छ उजेड, आरसा, आरशात तिचाच चेहरा. फक्त मजल्याचं बाहेरचं दार सरकत नव्हतं. तिनं फटीत दोन्ही हात घातले आणि सगळा जोर लावून ओढलं. दार हललं नाही. गंजून अडकलेलं दार कसं करकरतं तरी. हे करकरतही नव्हतं. तिनं ओढलं की ते जरा सैल पडायचं आणि मग पुन्हा घट्ट. पुन्हा ओढलं. पुन्हा घट्ट.

दार अडकलं नव्हतं.

दार कोणीतरी धरलं होतं.

"सोडा..." तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "सोडा ना..."

दिवे गेले.

क्षणभरच. पापणी लवेपर्यंत गेले आणि आले. आणि ते आले तसा समोरचा डबा हलला. आतलं दार सताड उघडं, आणि डबा खाली निघाला. घंटी नाही. धक्का नाही. आरसा खाली गेला, उजेड खाली गेला, डब्याचं छत खाली गेलं. तिनं फटीतून झटकन हात मागे घेतले. फटीत आता नुसता काळोख होता, आणि खालून येणारी गार हवा.

ती तिथंच बसली.

दार वेळेवर उघडलं असतं तर त्या क्षणी ती कुठं असती? एक पाय आत. एक पाय बाहेर. आणि मधोमध...

किती वेळ बसली तिलाच माहीत नाही. मग एकदम दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. या लिफ्टवर जो प्रोग्राम होता, तोच सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टवर चढणार होता. नऊ वाजता. स्ट्रेचर अर्धं आत, अर्धं बाहेर. आणि स्ट्रेचरवर आई.

ती उठली. पळून जायला निघालेली मुलगी परत हॉलमध्ये गेली, सर्व्हरची उपटलेली वायर पुन्हा जोडली. खोटं नाही सांगत, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती आणि नाही. तिनं दाराची फाइल उघडली आणि पहिल्यापासून वाचायला बसली. आता काय शोधायचं ते तिला माहीत होतं. दिवे गेले की प्रोग्राम बंद पडतो. आले की पुन्हा सुरू होतो. सुरू होताना दाराबद्दल तो काय समजतो?

एका ओळीत उत्तर होतं. सुरू होताना तो दार बंद आहे असंच धरून चालत होता. तपासत नव्हता. दार बंद, मग चला, डबा हलवा.

ज्याची खात्री नाही ते दार उघडं समज. एवढं एकच वाक्य म्हाताऱ्यानं तिला शिकवलं होतं. ही ओळ कोणी लिहिली? जुन्या सिस्टममध्ये प्रत्येक ओळीचा धनी सापडतो. तिनं बघितलं.

नाव तिचंच होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षातलं.

तेव्हा तिला तो शुक्रवार कळला. सगळे पांगेपर्यंत ते का थांबले होते. इतरांना ऐकू जाणार नाही असं का बोलले होते. ज्या माणसानं हॉलमध्ये कोणाची भीडमुर्वत ठेवली नाही, त्यानं तिची चूक चारचौघांत काढली नव्हती. फाइल स्वतःच्या हातात घेतली होती, म्हणजे आणखी कोणी ती पुढं नेऊ नये. आणि सोमवारी दोघंच बोलणार होते. "मामा," ती मला म्हणाली, "तेव्हा भीती गेली आणि रडूच आलं. मी टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले."

रडून झाल्यावर डोळे पुसले आणि कामाला लागली. ती ओळ बदलली. आता प्रोग्राम सुरू झाला की आधी दार उघडं समजणार, आणि दारानं स्वतः बंद असल्याचं कळवल्याशिवाय डबा जागचा हलणार नाही. टेबलावर लिफ्टचं एक लहान मॉडेल असायचं, त्यावर तिनं चालवून बघितलं. वीज तोडली, जोडली. पुन्हा तोडली, जोडली. डबा जागचा हलला नाही.

बदल तयार होता. पण तो फाइलमध्ये जाणार कसा? फाइल साडेतीनच्या हातात होती.

लॉक तोडता आलं असतं. या वेळी तिनं तोडलं नाही. ती खुर्चीवरून उठली. साडेतीनची जागा खिडकीपाशी होती, तिथं आता कोणी बसत नसे. तिकडे तोंड करून उभी राहिली.  आणि दिवसाउजेडी ओरडायचे तशी, मोठ्यानं ओरडली.

"दार कोणाकडे आहे?"

शांत...

"सर, चूक माझी होती. दुरुस्त केलीय. तुम्ही सांगितलं होतं तशीच." मग हळू म्हणाली, "दार... सोडता का?"

शांत.

सर्व्हरचा पंखाही ऐकू येईना.

मग पॅसेजमध्ये, मघापासून वीतभर उघडं राहिलेलं ते दार, हळू मिटलं. मोटरनं मिटवतात तसं नाही. घरात मूल झोपलेलं असलं की आपण दार लोटतो, तसं.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. नावाची जागा रिकामी होती. आणि ती रिकामीच राहिली.

पहाटेपर्यंत सगळा कोड नव्या घरात गेला. मध्ये कुठं थांबला नाही. ती जिन्यानं उतरली, अंधारात, भिंतीला धरून. वॉचमन तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तिनं त्याला एवढंच सांगितलं, लिफ्ट बंद ठेवा, मेकॅनिकला बोलवा.

सात वाजता प्रोग्राम हॉस्पिटलच्या लिफ्टवर चढला. नऊ वाजता स्ट्रेचर लिफ्टच्या दारात आलं. एका बाजूला भाची, एका बाजूला मी. होय, मी होतो तिथं, तेवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. स्ट्रेचरची पुढची चाकं आत गेली, मागची बाहेर. बहिणीनं डोळे गच्च मिटून लेकीचा हात आवळला होता. आणि हॉस्पिटलचे दिवे गेले.

गेले आणि आले. आम्हाला काय त्याचं? दिवे जातच असतात. पण भाचीकडे पाहिलं तर ती पांढरीफटक. दाराकडे टक लावून बघत होती.

दार उघडंच राहिलं. डबा हलला नाही. जरा वेळानं स्ट्रेचर पुरतं आत गेलं, मग दार मिटलं, आणि आम्ही वर गेलो. माझ्या बहिणीनं एक डोळा उघडून म्हटलं, "शहाणी आहे गं तुझी लिफ्ट!" आणि भाची तिथंच, चार अनोळखी माणसांसमोर, तिच्या कुशीत शिरली. आम्हाला वाटलं, ऑपरेशनची काळजी.

संध्याकाळी ती ऑफिसात गेली. जेवणाचा उघडा डबा टेबलावर राहिला होता ना. मेकॅनिक पॅसेजमध्येच होता. नवीन माणूस, महिन्याभरापूर्वी लागलेला, जुन्या लोकांपैकी कोणालाच ओळखत नव्हता. त्यानं लिफ्टचा डबा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता आणि चौथ्या मजल्याचं दार किल्लीनं उघडून, पट्टा बांधून, आत डोकावत होता.

"ताई, दारात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "पट्टी सरळ आहे, चाकं ठीक आहेत. पण एक विचारायचं होतं. काल इथं आतून कोण काम करत होतं?"

"आतून म्हणजे?"

"आतून म्हणजे आतूनच. दाराच्या पाठीमागून."

त्यानं टॉर्च मारला. दाराच्या पाठीवर वर्षानुवर्षांची काळी, चिकट धूळ साचलेली असते, कोणाचा हात तिथं पोचत नाही. तिथं पायाखाली चार मजले नुसती पोकळी होती. उभं राहायला फळी नाही, कठडा नाही, काही नाही. आणि त्या धुळीत, दाराच्या कडेला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक उजवा पंजा उमटला होता. ताजा. दार धरून ठेवताना दाबतो तसा, खोल.

मेकॅनिकनं टॉर्च जवळ नेला. एकेका बोटावरून उजेड फिरवला.

"तीन बोटं पुरी उमटलीत, ताई," तो म्हणाला. "मग करंगळीजवळचं हे एक... हे अर्धंच कसं?"